एका मशीनचे चार भाव

आमचे हे सुतार. दारं, खिडक्या, चौकटी ही त्यांची कामं. कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागं भाड्याची पत्र्याची शेड होती, तिला लागून आमच्या दोन खोल्या आणि पुढच्या मोकळ्या जागेत एक म्हैस. सकाळी मी घरोघर दूध घालून परत येईपर्यंत शेडमध्ये रंधा सुरू झालेला असायचा. लग्नानंतर अकरा वर्षं मी तो आवाज ऐकत होते. त्यावरून मला कळायचं की आज सागवान आहे का बाभूळ, आणि हे खुशीत आहेत का कुणावर चिडलेत.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचा सुमार असेल. एका नव्या बंगल्यावर चौकट बसवताना परांचीची फळी निसटली आणि हे उजव्या खांद्यावर आपटले. मोठ्या दवाखान्यात दीड महिना गेला. हाड सांधलं, पण हात छातीच्या वर जाईना. शेवटच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "हात तुमचाच राहील. पण जोराचं काम त्यानं करू नका."

रंधा मारायचा म्हणजे सगळा जोर खांद्याचाच. लाकडावर उभं राहून तो पुढं ढकलायचा, मागं ओढायचा, पुन्हा ढकलायचा, दिवसभर. घरी आल्यावर ह्यांनी एकदा प्रयत्न करून बघितला. चार हात मारले आणि रंधा तिथंच ठेवून दाराशी येऊन बसले. पुढं पंधरा दिवस ते शेडमध्ये गेलेच नाहीत. एका साखर कारखान्यात रखवालदार पाहिजे होता, तिथं जायचं म्हणत होते. मी म्हटलं, "तुम्हाला रखवालदारी जमायची न्हाय. तुम्ही तिथल्या गेटची बिजागरी दुरुस्त करत बसाल." ते हसले नाहीत.

विजेवर चालणारं रंध्याचं मशीन असतं हे त्यांनीच पूर्वी मला सांगितलं होतं. एका मोठ्या कंत्राटदाराकडं त्यांनी ते चालताना बघितलं होतं. जोर लावायचा नाही, नुसतं धरून न्यायचं. मी त्यांना तयार करून शाहूपुरीतल्या एका दुकानात घेऊन गेले. तिथं ड्रिल, ग्राइंडर, करवतीची मशीन अशा वस्तू काचेच्या कपाटात मांडलेल्या असत. दुकानदार पन्नाशीचे, जाड चष्म्याचे, आवाज खणखणीत. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि मशीन खोक्यातून काढून सरळ ह्यांच्या हातात दिलं. मागच्या खोलीत एक फळी शिकंज्यात धरलेली होती.

"बघा चालवून. बघायला पैसं पडत न्हाईत."

ह्यांनी डाव्या हातानं मशीन धरलं आणि उजवा नुसता वर टेकवला. बटण दाबलं. फळीवरून भुस्सा उडाला आणि मागं गुळगुळीत पट्टा उमटला. ह्यांनी त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं, वाकून डोळा लावून बघितला. अपघातानंतर त्यांचा चेहरा तसा मी पहिल्यांदा बघत होते.

भाव विचारला. सतराशे वीस.

म्हैस विकायचं मी मनात ठरवूनच आले होते आणि गिऱ्हाईक पंधराशेच्या वर चढत नव्हतं. मी दुकानदारांना म्हटलं, "थोडं कमी करा की दादा."

"वहिनी, कमी हुईत न्हाय. हुईत असतं तर आधीच केलं असतं."

त्यांनी ते तोडून म्हटलं नाही, पण पुढं काही बोलायला जागाही ठेवली नाही. बाहेर पडल्यावर हे म्हणाले, "सोड. म्हैस राहू दे." मी सोडलं नाही. एकाच मशीनला एकच भाव असतो अशी तोवर माझी समजूत होती. खोक्यावर कंपनीचं नाव छापलेलं असतं, आत तेच लोखंड, तीच मोटर, मग भाव वेगळा कशानं असेल? पण शेजारच्या गाळ्यातला फिटर म्हणाला, "भाव काय छापलेला असतोय व्हय? गावागावाला येगळा."

मग मी गावोगाव विचारायला लागले.

माझी धाकटी बहीण इचलकरंजीला दिलेली. तिच्या नवऱ्याचे चार माग होते. तिच्याकडं गेले तेव्हा तिथल्या एका दुकानात विचारून आले. तेच मशीन, भाव अठराशे पन्नास. मला वाटलं, बाई बघून चढवून सांगतोय. मेहुण्याला विचारलं तर तो म्हणाला, "चढवून न्हाय, हितं सगळंच चढं. मागाचं काय मोडलं तर मालक भाव इचारत बसत न्हाय. माग एक दिवस बंद राहिला तर त्याचं नुकसान त्या फरकाच्या दुप्पट. दुकानदाराला ते ठाऊक हाय. कोल्हापूरला जाऊन येण्यात दिवस मोडतोय, म्हणून लोक हितंच घेतात."

थोरला भाऊ मुंबईला गिरणीत होता. त्याला पत्र टाकलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. तेराशे नव्वदला मिळतंय, पण बिल मागायचं नाही, आणि मशीन बंद पडलं तर दुकान ओळख दाखवणार नाही. शेवटी त्यानं लिहिलं होतं, 'इथला दुकानदार एका वेळी शंभर खोकी उचलतो, म्हणून त्याला कंपनीकडून स्वस्त पडतं. कोल्हापूरचा बिचारा चार-पाच उचलत असेल.' त्या 'बिचारा' शब्दाचं मला त्यावेळी नवल वाटलं. ज्यानं माझ्यासाठी एक रुपया सोडला नाही, त्याच्याबद्दल माझा भाऊ मुंबईत बसून हळहळत होता.

बिलाशिवाय घ्यायची माझी छाती झाली नाही. मग कुणीतरी बेळगाव सुचवलं. तिकडं कर्नाटकाचा विक्रीकर कमी, म्हणून वस्तू स्वस्त, असं म्हणायचे. म्हैस विकली. तिला न्यायला माणूस आला त्या दिवशी मी मुद्दाम बहिणीकडं गेले होते. दुसऱ्याच आठवड्यात पैसे पदरात बांधून सकाळच्या एसटीनं मी एकटी बेळगावला निघाले. ह्यांचा खांदा बसमधले धक्के सोसणारा नव्हता. निपाणीला गाडीत तंबाखूचा वास भरला तो पार पुढं संकेश्वरपर्यंत टिकला.

बेळगावचे दुकानदार म्हातारे होते. नोकराशी कानडीत बोलत आणि माझ्याशी मराठीत. मला बघितल्याबरोबर म्हणाले, "बसा अक्का. लांबून आलायसा?" मी सगळं खरं सांगितलं. नवऱ्याचा खांदा, कोल्हापूरचा भाव, इचलकरंजीचा भाव, सगळं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि चौदाशे ऐंशी म्हणाले.

"कोल्हापूरला जास्त आणि तुमच्याकडं कमी, असं का हो?" मी विचारलं.

"एक तर कर कमी. दुसरं, हा माल जुना हाय. कंपनीनं भाव वाढवायच्या आधी मी उचललेला. आता नवीन आणला तर मलाच महाग पडंल. आणि तिसरं सांगतो, ते नीट ऐका." त्यांनी खोक्यावर हात ठेवला. "मी फक्त विकतो. दुरुस्ती माझ्याकडं न्हाई. कारागीर न्हाई, सुटे भाग न्हाईत. बिघडलं तर इथं घेऊन येऊ नका, उगाच एसटीचं भाडं जाईल."

इतकं साफ सांगणारा दुकानदार मला त्याआधी भेटला नव्हता आणि नंतरही क्वचितच भेटला. तीस रुपये त्यांनी आपणहून कमी केले. मी बिल घेतलं, खोकं मांडीवर घेऊन बसले आणि परत निघाले. कोल्हापूरच्या वेशीवर जकात नाक्याचा कारकून गाडीत चढला.

"मावशी, खोक्यात काय हाय?"

मी बिल दाखवलं. शेजारची बाई कुजबुजली, जुनं आहे म्हणून सांगायचं होतं. पण मी पावती फाडून घेतली. भाडं, जकात आणि दुपारचं जेवण धरलं तर बेळगावची स्वस्ताई थोडी वाटेतच संपली होती, तरी शाहूपुरीपेक्षा दोनशेभर रुपये वाचले होते. त्या आनंदात मी घरी आले.

तीन आठवडे शेड पुन्हा जागी राहिली. आवाज वेगळा होता. रंध्याचा सर्र असा आवाज असायचा, मशीन कर्कश ओरडायचं. पण हे सकाळी उठून शेडमध्ये जात होते, मला तेवढं पुरे होतं. एका शाळेच्या दारांचं काम मिळालं. आणि एक दिवस दुपारी, बाभळीची फळी तासताना, मशीनमधून जळका वास आला, जाळीतून ठिणग्या दिसल्या आणि ते बंद पडलं.

ह्यांनी प्लग काढला. मशीन फडक्यात गुंडाळून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. मला वाटलं, आता म्हणतील की तूच स्वस्तातलं आणलंस. ते म्हणाले नाहीत, आणि त्यामुळं मला जास्त वाईट वाटलं.

दुरुस्ती कोल्हापुरात एकाच ठिकाणी व्हायची, त्याच शाहूपुरीतल्या दुकानात. मागच्या खोलीत एक मुसलमान कारागीर बसत. सगळे त्यांना चाचा म्हणत. साठीच्या पुढचे, अंगात खाकी सदरा, बोटांची टोकं तांब्याच्या तारेनं चिरलेली. दुकानदार गिऱ्हाइकात होते. मी मागच्या बोळातून सरळ चाचांच्या खोलीत गेले. चोरासारखी गेले म्हटलं तरी चालेल.

चाचांनी मशीन उलटं करून पत्र्यावरचा नंबर वाचला. मग आतला फिरणारा भाग बाहेर काढला. तारा काळ्या पडल्या होत्या.

"आर्मेचर जळलंय. पर हे मशीन आमच्याकडचं न्हाय."

"बेळगावचं हाय चाचा."

"व्हय, समजलं मला. हितनं गेलेल्या प्रत्येक मशीनवर मी खूण करतो. मालक कोण?"

मी ह्यांचं सांगितलं तेव्हा त्यांना ते डाव्या हातानं मशीन धरणारे गृहस्थ आठवले. तेवढ्यात दुकानदार आत आले. त्यांनी मला बघितलं, मशीन बघितलं. ते रागावतील अशी मी तयारी केली होती. ते स्टूल ओढून बसले आणि चष्मा काढून पुसत राहिले.

"कितीला घेतलं?"

मी सांगितलं.

"बरोबर हाय. त्या भावात मला खरेदीसुद्धा पडत न्हाय." त्यांनी भिंतीला लावलेला एक मोठा लाकडी खण ओढला. आत लहान लहान कप्पे होते. कार्बनचे तुकडे, पट्टे, पाती, बेअरिंगं, स्क्रू. "हे सगळं मी रोख देऊन आणून ठेवलंय. ह्यातलं काही पाच-पाच वर्सं खपत न्हाय. पर ज्या दिवशी एखाद्याला लागंल त्या दिवशी ते हितं पायजे. आणि हे चाचा. महिन्यात चार मशीन दुरुस्तीला आली तरी पगार पुरा, चाळीस आली तरी पुरा. तुमच्या सतराशे वीसमध्ये ह्यो खण हाय आणि चाचा हाईत. बेळगाववाल्याच्या भावात न्हाईत. त्यो लबाड न्हाय, मी बी न्हाय."

मला मान वर करता येईना. "आता काय करायचं?" एवढंच म्हटलं.

"चाचा नवी तार भरून देतील. पैसं पुरं पडतील, सवलत मागू नका. माझ्याकडनं घेतलं असतं तर पहिल्या वर्सात फुकट केलं असतं."

दुरुस्तीचे एकशे साठ झाले. म्हणजे माझी बेळगावची बचत जवळजवळ सगळी गेली. आज मागं वळून बघताना मला ते योग्यच वाटतं, पण त्या दिवशी पैसे मोजताना डोळे भरून आले होते. चाचांनी ते बघितलं असावं. त्यांनी विचारलं, "लाकूड कुठलं तासत होते? आणि पात्याची खोली किती ठेवली होती?"

मला काय माहीत. मी म्हटलं, बाभूळ होती.

"मशीन नवं हाय, वाईट न्हाय. जास्त दाबलंय कुणीतरी. मी येतो एकदा बघायला."

ते खरंच आले. शुक्रवारी दुपारची नमाज झाल्यावर, सायकलवरून, मशीन पिशवीत घालून. शेडमध्ये त्यांनी ह्यांना एक फळी तासायला सांगितली आणि स्वतः हात मागं बांधून उभे राहिले. अर्धी फळी झाली नसेल तोच त्यांनी बटण बंद करायला लावलं.

"पावणं, तुम्ही पातं पुरं खाली काढलंय. एका फेऱ्यात तीन फेऱ्यांचं काम करायला बघताय."

हे खाली बघत म्हणाले, "एका हातानं धरायचं म्हणजे तीन फेरे दमवतात हो चाचा."

"मग दमणार. पर तुम्ही दमायचं का मशीननं दमायचं?" चाचांनी बोटानं ह्यांचा उजवा हात दाखवला. "हे दोन हातांचं काम हाय. पुढच्या मुठीला एक हात, मागं एक. तुमचा उजवा नुसता टेकलेला हाय, त्यामुळं मशीन पुढं नाक घालतंय. कुणाला तरी शिकवा. पोरगा हाय का?"

आम्हाला दोन मुली, तेव्हा शाळेत जाणाऱ्या. चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी चहाची कपबशी घेऊन उभी होते.

"ह्या हाईत की," ते म्हणाले.

ह्यांना ते पटलं नाही. आमच्यात बाईनं सुताराच्या शेडमध्ये जायचं ते भुस्सा भरायला, जळणासाठी. हत्याराला हात लावायचा नाही. शिवाय शेड रस्त्याला लागून, येणारा-जाणारा बघणार. ह्यांनी आठवडा काढला. शाळेची दारं अडली होती, मुख्याध्यापक दोनदा निरोप पाठवून बसले होते. मी वाट बघितली. एका सकाळी हे मला म्हणाले, "पदर खोचून ये. सैल कापड मशीनमध्ये जातंय."

शिकवताना ते कडक होते. पहिले चार दिवस मला बटणच दाबू दिलं नाही. नुसतं बंद मशीन फळीवरून न्यायचं, सुरुवातीला जोर पुढं, शेवटाला मागं. "फळी संपताना मशीन खाली वाकू देऊ नको. वाकलं की कड खाल्ली." पाचव्या दिवशी बटण दाबलं. हातातून खांद्यापर्यंत मुंग्या आल्या आणि मला वाटलं, मशीनच मला ओढत नेतंय. पण दहा-बारा फळ्यांनंतर हात आपोआप हलका झाला. आखणी, खाचा, सांधे हे सगळं ह्यांचं; डाव्या हातानं ते आता सफाईनं करायला लागले होते. तासणं माझं. शाळेची दारं आम्ही दोघांनी मिळून पूर्ण केली. मुख्याध्यापक बघायला आले तेव्हा ह्यांनी मला आत पाठवलं नाही. म्हणाले, "तासकाम हिचं हाय. बघा हात फिरवून."

लोक बोलले. पूर्वी दूध घालायला जायचे त्या घरांतल्या बायकांनी तर वर्षभर चेष्टा केली. समोरचा लोहार रोज एकदा येऊन उभा राहायचा, बघायचा आणि जायचा. पुढं त्याच्याच घराच्या खिडक्या आम्ही केल्या.

चाचांकडं मी अधूनमधून जात राहिले. कार्बन बदलायचा, पट्टा चढवायचा, पातं लावायचं त्यांनी मला दाखवलं. दुकानदारही 'या वहिनी' म्हणायला लागले होते, पण बेळगावची आठवण अधूनमधून काढायचेच. तीन वर्षांनी आम्हाला दुसरं मशीन घ्यायचं झालं. तोवर बारीकसारीक दुरुस्ती मला घरी जमत होती. मी मुंबईच्या भावाला सांगून मागवलं, मात्र बिलासकट. मला कारागिराचे पैसे भावात भरायची गरज राहिली नव्हती. हे लपवून ठेवण्यापेक्षा दुकानदारांना जाऊन सांगितलं. त्यांनी खणातून मी मागितलेला पट्टा काढला. मग म्हणाले, "चाचांनीच माझं गिऱ्हाईक पळवलं म्हणायचं." आणि पट्टा बांधून दिला.

चौऱ्याऐंशीच्या सुमारास चाचांची नजर अधू झाली. बारीक तार दिसेना. दुकानदारांनी त्यांना पुढं दोन वर्षं तसंच बसवून ठेवलं, पगारावर. येणाऱ्याला मशीन कसं धरायचं ते सांगायचं, एवढंच काम. नंतर मुलानं त्यांना कुरुंदवाडला नेलं. जायच्या आधी एक दिवस ते शेडवर आले, मी तासलेली एक फळी त्यांनी बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "कड शाबूत हाय."

त्यानंतर दुकानात नवा कारागीर आला नाही. तार भरणारा माणूस कमी पगारात मिळत नव्हता आणि गिऱ्हाइकं भाव विचारून बेळगावला, पुण्याला जात होती. मागची खोली माल ठेवायला झाली. बिघडलेली मशीन पुण्याला जायची, पंधरा-वीस दिवसांनी परत यायची. आणि त्या दुकानातल्या मशीनचा भाव उतरला. एकदा मी पाती घ्यायला गेले होते, तेव्हा एक तरुण सुतार नवं मशीन घेत होता. दुकानदारांनी सांगितलेला भाव त्यानं कुठल्याशा कागदावर लिहिलेल्या भावाशी ताडून बघितला आणि खूश होऊन म्हणाला, "आता बेळगावला जायाची गरज न्हाय बघा."

दुकानदार खोकं बांधत होते. त्यांनी मान डोलावली. मी त्या तरुणाला विचारलं, कुठलं लाकूड तासतोस? तो म्हणाला, बाभूळ. मग मी तिथंच उभी राहून त्याला सांगितलं, पातं पुरं खाली काढू नको, तीन फेरे घे, आणि फळी संपताना जोर मागच्या हाताला दे. त्यानं ऐकून घेतलं का नुसती मान हलवली, ते मला कळलं नाही.